पुरुषोत्तम करंडक बघायचाय? मग प्राथमिक फेरीपासून या: प्रेक्षकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

दरवर्षी जुलै संपत आला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "पुरुषोत्तमच्या फायनलची तिकिटं मिळतील का गं?" आणि माझं उत्तर दरवर्षी तेच असतं, की फायनल बघच, पण त्याआधी प्राथमिक फेरीचे निदान चार दिवस भरत नाट्य मंदिरात येऊन बस. लोकांना वाटतं प्राथमिक म्हणजे कच्चं, चाळणी लागायच्या आधीचं, ते कशाला बघायचं. माझं मत नेमकं उलटं आहे. फायनल करंडकासाठी असते आणि प्राथमिक फेरी प्रेक्षकासाठी. पन्नासेक कॉलेजची पोरं महिना-दोन महिने तालमी करून जे काही हाती लागलंय ते घेऊन येतात, पडदा उघडेपर्यंत आपल्याला काहीच माहिती नसतं, आणि त्यातल्या कितीतरी एकांकिका त्या एका संध्याकाळनंतर परत कुठेच होत नाहीत. आपण त्या दिवशी खुर्चीत नसलो तर संपलं, ती एकांकिका आपल्यासाठी झालीच नाही.

मी बरीच वर्षं जातेय, स्टेजवर कधी गेले नाही, फक्त प्रेक्षक म्हणून. त्यामुळे हे सगळं प्रेक्षकाच्या बाजूने लिहितेय. पहिल्यांदा जाणाऱ्याला उपयोगी पडावं म्हणून बारीकसारीक गोष्टीसुद्धा लिहिल्यात, ज्यांना माहिती आहे त्यांनी तेवढं सोडून पुढे जावं.

आधी थोडक्यात, आहे काय हे

पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, महाराष्ट्रीय कलोपासक ही पुण्याची संस्था १९६३ पासून घेतेय. पुण्यातली स्पर्धा होते सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी नुसतं 'भरत'. प्राथमिक फेरी ऑगस्टमध्ये, रोज तीन एकांकिका, असं दोनेक आठवडे चालतं, आणि त्यातून नऊ संघ अंतिम फेरीत जातात. पहिल्या नंबराला पुरुषोत्तम करंडक, दुसऱ्याला हरी विनायक करंडक, तिसऱ्याला संजीव करंडक आणि प्रायोगिक एकांकिकेसाठी जयराम हर्डीकर करंडक. जब्बार पटेल, मोहन आगाशे ही मंडळी बी. जे. मेडिकलला असताना इथे एकांकिका करायची हे पुण्यात सगळे सांगतातच, पण ते ऐकून "पुढचा स्टार शोधायला" येऊ नका. तसं बघायला गेलं की समोरचं नाटक दिसत नाही, माणूस नुसता चेहरे चाळत बसतो.

या स्पर्धेचा एक स्वभाव आहे तो आधी समजून घ्या. इथे सगळा भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर. मोठा सेट, लायटिंगचा झगमगाट याच्यावर इथे काही जिंकता येत नाही. फिरोदिया करंडक ही कॉलेजांची दुसरी स्पर्धा, त्यात कसं, नाटकाबरोबर गाणं, नाच, चित्र, वाद्यं असं सगळं एकत्र गुंफायचं असतं, ती मजा वेगळी. पुरुषोत्तमला मात्र दोन लेव्हल (म्हणजे स्टेजवरचे लाकडी चौथरे), एक खुर्ची, एखादा फ्लॅट (भिंत म्हणून उभी करायची चौकट) आणि माणसं. शिस्तही कडक, कलोपासकच्या राजाभाऊ नातूंच्या काळापासून लागलेली. वेळ म्हणजे वेळ. हे प्रेक्षकालाही लागू आहे, ते पुढे येईलच.

तारखा, लॉट्स आणि कुठला दिवस निवडायचा

जुलैमध्ये लॉट्स निघतात, म्हणजे कुठल्या संघाने कुठल्या दिवशी कितवी एकांकिका करायची त्याच्या चिठ्ठ्या. तो दिवस कॉलेजांसाठी मोठाच असतो. त्यानंतर वेळापत्रक येतं, पेपरच्या पुणे पुरवणीत छापून येतं, भरतच्या बाहेर लागतं, आणि तुमच्या घरात किंवा ऑफिसात कुणी कॉलेजातलं पोरगं असेल तर त्याच्या व्हॉट्सॅपवर तासाभरात आलेलं असतं. शेवटचा मार्ग सगळ्यात खात्रीचा.

आता वेळापत्रक हातात आल्यावर बहुतेक जण काय करतात, तर नावाजलेल्या कॉलेजांच्या तारखांवर गोल करतात. असं करू नका, निदान सगळेच दिवस असे निवडू नका. कॉलेजचं नाव बघून एकांकिका कळत नाही. गेल्या वर्षी करंडक नेलेल्या संघातली अर्धी पोरं पास होऊन गेलेली असतात, लिहिणारा गेलेला असतो, आणि ज्या इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव तुम्ही कधी ऐकलं नाही तिथे यावर्षी एखादी मुलगी लिहायला लागलेली असते. माझी पद्धत अशी की दिवस निवडायचा, संघ नाही. आपल्याला जमतील अशा चार-पाच संध्याकाळी ठरवायच्या, त्यातली एक स्पर्धेच्या अगदी सुरुवातीची, एक मधली, एक शेवटच्या दोन दिवसांतली, आणि एक रविवार सकाळ. रविवारी सकाळचंही सत्र असतं आणि ते मला फार आवडतं, कारण सकाळी प्रेक्षक ताजे असतात, रिकाम्या पोटी जोक उगाच वर जात नाहीत, नाटकाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं.

आणि एक, त्या सत्राच्या तिन्ही एकांकिका बघायच्या. मित्राच्या मुलाची पहिली आहे म्हणून ती बघून उठून जायचं हे सर्रास चालतं आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. पहिल्या संघाचे शंभर मित्र टाळ्या वाजवून निघून गेले की तिसऱ्या संघाला अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं राहावं लागतं, त्या पोरांनीही तितक्याच रात्री जागवलेल्या असतात. तिसऱ्या एकांकिकेचा प्रेक्षक व्हा. जमलं तर या लेखातली एवढी एकच गोष्ट धरून ठेवा.

तिकीट आणि पोचणं

प्राथमिक फेरीची तिकिटं भरतवरच मिळतात आणि फार आटापिटा करावा लागत नाही, थोडं आधी जा, सुट्टे पैसे ठेवा. गर्दी कधी होते तर ज्या दिवशी मोठ्या कॉलेजचा संघ असतो तेव्हा, आणि शनिवार-रविवार. फायनलचं वेगळं, तिथे विक्री कधी सुरू होते याच्यावर डोळा ठेवावा लागतो आणि त्या दिवशी सकाळी लवकर जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. रांगेला कंटाळू नका, तिथेच प्राथमिक फेरीची सगळी चर्चा ऐकायला मिळते, कुठली एकांकिका फायनलला जायला हवी होती, कुणाचं कुठे चुकलं, दहावीतलं पोर आणि सत्तरीतले आजोबा एकाच विषयावर वाद घालत असतात.

वीकडेला संध्याकाळचं सत्र बऱ्याच जणांचं ऑफिस सुटायच्या आधीच सुरू होतं, त्यामुळे ज्या दिवशी जायचंय त्या दिवशी लवकर निघायची सोय आधीच करून ठेवा, "बघू, जमलं तर येतो" असं म्हणणारा माणूस दुसऱ्या एकांकिकेच्या मध्यावर दारात उभा असतो आणि त्याला आत घेत नाहीत, घेऊही नये.

गाडी शक्यतो नेऊ नका. सदाशिव पेठेत ऑगस्टच्या संध्याकाळी पार्किंग शोधण्यात वीस मिनिटं जातात, आणि गणपती जवळ आलेले असले तर मांडवांनी अर्धा रस्ता अडलेला असतो. टिळक रोडला बसने उतरून किंवा मंडईला मेट्रोने उतरून चालत येणं सगळ्यात बरं. टू-व्हीलर आणलीच तर एक-दोन गल्ल्या लांब लावा आणि चाला.

पाऊस असणारच. रेनकोट असेल तर सोबत एक प्लास्टिकची मोठी पिशवी ठेवा, आत जायच्या आधी बाहेरच तो झटकून पिशवीत कोंबा. ओला रेनकोट खुर्चीच्या पाठीवर टाकला की मागच्याच्या गुडघ्यावर तीन तास पाणी ठिबकतं. आणि ती पिशवी कुरकुर आवाज करते ना, तसली नको, कापडी पिशवीच्या आत ठेवली तर उत्तम. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण पूर्ण शांततेत एक नट चार सेकंद काही न बोलता उभा आहे आणि शेजारी कुणीतरी पिशवी उघडतंय, हे ज्याने अनुभवलंय त्याला कळेल मी काय म्हणतेय.

खाऊन या. तीन एकांकिका, मधले दोन ब्रेक, सगळं मिळून तीनेक तास जातात. ब्रेकमध्ये चहा घेता येतो, पण घाईघाईत. सुटल्यावर जेवायचं असेल तर टिळक रोडवर बादशाही चालत जाण्यासारखं आहे, फक्त तिथेही रांग असतेच.

बसायचं कुठे

पहिल्या दोन रांगा टाळा, मान वर करून बसावं लागतं आणि कम्पोझिशन दिसत नाही, म्हणजे कुणाला कुठे उभं केलंय, कुणामध्ये किती अंतर ठेवलंय हे सगळं चपटं दिसतं. पाचवी ते दहावी रांग, थोडं मधे. परीक्षकांची जागा ओळखू येते, समोर टेबल आणि त्याच्यावर कागदावर पडेल एवढाच छोटा दिवा. त्यांच्या लगेच मागे बसू नका, तो दिवा डोळ्यात येतो आणि आपलं लक्ष नकळत "आत्ता त्यांनी काय लिहिलं" याच्याकडे जायला लागतं. एकदा शेवटच्या रांगेतही बसून बघा, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. कुणाचं वाक्य तिथपर्यंत येतंय आणि कुणाचं तिसऱ्या रांगेतच पडतंय, हे मागे बसल्याशिवाय समजत नाही.

पडद्याआधीचा वेळ

आत गेल्यावर पहिल्यांदा कानावर येतो तो आवाज. "अरे आव्वाज कुणाचा" सुरू होतं, या कोपऱ्यातून एक कॉलेज, त्या कोपऱ्यातून दुसरं, घसे फुटेस्तोवर. पहिल्यांदा येणाऱ्याला हे फुटबॉलच्या मॅचसारखं वाटेल. तुम्ही ओरडायची गरज नाही, पण त्याला तोंड वाकडं करू नका, ती पोरं आत विंगेत थरथरत उभ्या असलेल्या आपल्या मित्रांना "आम्ही आहोत" एवढंच सांगत असतात. आणि तिसरी घंटा झाली की हाच सगळा गोंधळ एका क्षणात बंद होतो. सगळ्या हॉलने एकदम श्वास धरल्यासारखं. ती शांतता अनुभवायला तरी एकदा या.

मोबाइल बंद. सायलेंट नाही, बंद. अंधारात तुमची स्क्रीन तुमच्या मांडीवर पेटली तरी मागच्या चार रांगांना दिसते. शूटिंग अजिबात नाही, फोटोसुद्धा नाही. एखाद्या नवीन एकांकिकेचा शेवट दहा सेकंदांच्या व्हिडिओत बाहेर फुटला तर लिहिणाऱ्याचं त्यात फार नुकसान होतं, कारण पुढे वर्षभर तीच एकांकिका आणखी चार स्पर्धांना जाणार असू शकते.

पडद्यामागून ऐकू येणाऱ्या आवाजांकडे मात्र कान द्या. दोन एकांकिकांच्या मधे पडदा बंद असतो आणि आत हातोडी चालू असते, लेव्हल ओढल्याचा घरघर आवाज येतो, कुणीतरी दबक्या आवाजात "डावीकडे, डावीकडे, अजून" म्हणत असतं, खिळा वाकला की एक क्षण सगळं थांबतं आणि मग परत ठोकाठोक. बॅकस्टेजच्या पोरांचं नाटक ते, त्यांना टाळी कधीच मिळत नाही. मी ब्रेकमध्ये बाहेर जायचं सोडून कितीतरी वेळा नुसतं हे ऐकत बसलेय.

बघायचं कसं

हा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा लांबण लावते.

पहिली पाच मिनिटं काहीच ठरवू नका. कॉलेजच्या एकांकिकेत पहिली पाच मिनिटं भीतीची असतात, पोरं वाक्यं पळवतात, आवाज एक पट्टी वर असतो, एखादा हात कुठे ठेवायचा ते विसरलेला असतो. "चला, ही गेली" असं मनात ठरवून टाकलं तर सहाव्या मिनिटाला नाटक जमिनीवर येतं ते तुम्हाला दिसणारच नाही.

मग, बोलणाऱ्याकडे बघणं थोडं कमी करा. जो ऐकतोय त्याच्याकडे बघा. दोघांचा प्रसंग चालू असताना ज्याचं वाक्य नाही तो काय करतोय? आपल्या वाक्याची वाट बघत उभा आहे की खरंच ऐकतोय? ऐकणारा नट सापडला की ती एकांकिका नीट बसवलेली आहे असं समजायला हरकत नाही, कारण हे वीस दिवसांत पाठांतराने येत नाही, दिग्दर्शकाने तालमीत मागे लागून लागून काढून घेतलेलं असतं.

ब्लॅकआऊट मोजा. खरंच मोजा, बोटांवर. दर तीन मिनिटांनी अंधार होत असेल तर लिहिणाऱ्याने सिनेमासारखं लिहिलंय आणि दिग्दर्शकाला जोड सापडलेला नाही. त्याउलट कधीतरी अशी एकांकिका येते की चाळीस मिनिटं एकदाही दिवा जात नाही, त्याच तीन माणसांनी त्याच दोन लेव्हलवर घर, बसस्टॉप, हॉस्पिटल सगळं करून दाखवलेलं असतं आणि आपल्याला जागा बदललेली बरोबर कळते. असं दिसलं की मला पुढचे दोन दिवस दुसरं काही सुचत नाही.

विषयांचं म्हणाल तर दरवर्षी एक लाट असते. कुठल्या वर्षी सगळे शेतकरी आत्महत्येवर, कुठल्या वर्षी मोबाइल आणि एकटेपणा, कधी जात, कधी स्पर्धा परीक्षा करणारी खोलीतली पोरं. चौथ्यांदा तोच विषय आला की माणूस कंटाळतो हे मान्य. पण त्या वेळी स्वतःला विचारा, या पोरांना हे पेपरात वाचून सुचलंय का घरात बघून? फरक एखाद्या छोट्या तपशिलात सापडतो. स्वयंपाकघराच्या प्रसंगात आईचं काम करणारी मुलगी कणीक मळल्यासारखं नुसतं हात हलवतेय, का मधेच मनगटाने कपाळावरचे केस मागे सारतेय, कारण बोटं कणकेने भरलीयत. हे ज्या मुलीने केलं तिने ते घरी बघितलंय.

आणि चुका. चुका होणारच आहेत आणि प्राथमिक फेरीचा जीव त्यात आहे असं मला वाटतं. एका वर्षी एक अगदी साधी एकांकिका चालू होती, आई-मुलाचं भांडण, मागे खिडकी लावलेला एक फ्लॅट. भांडण ऐन रंगात आणि खिडकीची चौकट निखळून धाडकन खाली. मुलाचं काम करणारा पोरगा ब्लँक झाला, अक्षरशः तोंड उघडं. आईच्या भूमिकेतल्या मुलीने वाक्य न तोडता चालत जाऊन चौकट उचलली, भिंतीला टेकवून ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बघ, तुझा बाप असता तर ही खिडकी कधीच दुरुस्त झाली असती." त्या गोष्टीत बाप वारलेला होता. त्या वाक्याने तो पोरगा सावरला आणि पुढचं भांडण आधीपेक्षा खरं झालं. ती एकांकिका फायनलला गेली नाही. मला त्या वर्षी करंडक कुणी नेला ते आठवत नाही, ती मुलगी पदराला हात पुसताना आजही दिसते.

शेवट कसा केलाय तेही बघा. बऱ्याच एकांकिका संपल्यानंतरही दोन मिनिटं चालू राहतात, सगळ्यांनी ओळीत उभं राहून समाजाला उद्देशून काहीतरी बोलायचं, मागे म्युझिक. तुमच्या मते ती कुठे संपायला हवी होती ते मनात धरून ठेवा. चार दिवसांत तुम्हालाच कळायला लागतं की आपल्याला नाटकात काय हवंय.

टाळी, हसू आणि गप्प बसणं

टाळी द्या, पण प्रत्येक टाळीच्या वाक्याला नको. पोरांना टाळीची सवय लागली की ती वाक्यानंतर थांबून वाट बघतात आणि लय जाते. हसू आलं तर मोकळेपणी हसा. गंभीर प्रसंगात चुकून हसू येण्यासारखं काही झालं तर गिळा. नाटक पडतंय हे दिसत असताना स्टेजवरच्या पोरांनाही ते कळत असतं, हॉल थंड पडला की आधी त्यांना जाणवतं. अशा वेळी खोकणं, हळूच कुजबुजणं, घड्याळ बघणं सुरू होतं. तेव्हा प्रेक्षकाने करण्यासारखी गोष्ट एकच, सरळ बसून शेवटपर्यंत पूर्ण लक्ष द्यायचं. पडदा पडल्यावर नीट टाळ्या वाजवायच्या.

ब्रेकमध्ये बोलतानाही जपून. मी एकदा शेजारच्या मैत्रिणीला अगदी सहज म्हणाले की तो काका झालेला मुलगा फारच ओरडत होता, सगळं बिघडवलं त्याने. पुढच्या रांगेतल्या बाई वळल्या नाहीत, फक्त हातातला पेढ्याचा बॉक्स त्यांनी हळूच पर्समध्ये परत ठेवला. ती त्याची आई होती. मला त्या संध्याकाळी पुढचं काही बघवलं नाही. तेव्हापासून हॉलच्या आत मत द्यायचं नाही हा माझा नियम आहे, जे काय बोलायचं ते भरतपासून लांब गेल्यावर.

वही ठेवा

एक छोटी वही आणि पेन. अंधारात लिहू नका, ब्रेकमध्ये लिहा. एकांकिकेचं नाव, कॉलेज, लिहिणाऱ्याचं नाव, आणि फक्त तीन गोष्टी: एक दृश्य जे डोळ्यासमोर राहिलं, एक वाक्य जे कानात राहिलं, आणि एक प्रश्न. मार्क देऊ नका. मी सुरुवातीला दहापैकी मार्क द्यायचे, दोन वर्षांनी वही उघडली तर साडेसहा, सात, पाच असे नुसते आकडे, एकांकिका एकही आठवेना. दृश्य लिहायला लागल्यापासून सगळ्या आठवतात. लिहिणाऱ्याचं नाव का, तर ते नाव तीन वर्षांनी कुठल्यातरी प्रायोगिक नाटकाच्या पोस्टरवर दिसतं आणि आपण त्याचं पहिलं बघितलेलं असतं.

सुटल्यावर

सत्र संपलं की भरतच्या बाहेर पोरं घोळक्याने उभी असतात, कुणी रडतंय, कुणी सेट टेंपोत चढवतंय, कुणी मेकअप न पुसताच चहा पितंय. आवडली असेल तर जाऊन सांगा. संकोच करू नका, अनोळखी माणसाने येऊन बोललेली दोन वाक्यं ती पोरं वर्षानुवर्षं सांगत राहतात. फक्त "छान झाली हं" एवढंच नको, काहीतरी नेमकं सांगा, "तू पत्र न वाचता घडी करून खिशात ठेवलंस तिथे मला कळलं" असं. स्टेजवरच्यांशी सगळेच बोलतात, जमलं तर लाइट करणाऱ्याला शोधा, म्युझिक ऑपरेट करणारीला शोधा. सल्ला मात्र विचारल्याशिवाय देऊ नका. त्या रात्री त्यांना सल्ला झेपत नाही.

फायनल आणि निकाल

प्राथमिक फेरी बघितलेल्या माणसाला फायनल वेगळीच दिसते. नऊपैकी काही एकांकिका तुम्ही आधी बघितलेल्या असतात, आता त्यांच्यात काय बदललंय ते कळतं. कुणी शेवट कापलाय, कुणी एक पात्रच काढून टाकलंय, कुणाची प्राथमिकला जिवंत असलेली जागा घोटून घोटून गुळगुळीत झालीय. आणि तुमच्या वहीतली एखादी लाडकी एकांकिका त्या नवात नसते, त्याचं दुःख वेगळं.

निकालाच्या वेळी थांबा, उशीर झाला तरी. निकाल पटला नाही तरी परीक्षकांवर तुटून पडू नका. २०२२ साली परीक्षकांना एकही एकांकिका पुरुषोत्तम करंडकाच्या तोडीची वाटली नाही आणि तो करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा केवढी चर्चा झाली होती. मला त्या पोरांसाठी फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं, कारण स्पर्धेत जे आलेत त्यांच्यातला पहिला हा पहिलाच असतो असं माझं मत आहे. पण त्या निमित्ताने कट्ट्याकट्ट्यावर "चांगली एकांकिका म्हणजे नक्की काय" यावर लोक रात्र रात्र बोलले, हेही खरं.

पुण्यात नसाल तर, आणि उरलेलं वर्ष

पुरुषोत्तमची केंद्रं कोल्हापूर, रत्नागिरी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी बाहेरही असतात, आणि सगळीकडच्या विजेत्यांची महाअंतिम फेरी मग पुण्यात होते. महाअंतिम नक्की बघा, कोकणातल्या पोरांची भाषा, विदर्भातल्या पोरांची लय एकाच ठिकाणी ऐकायला मिळते, आणि आपला पेठेतला कान किती ठरावीक ऐकतो ते लक्षात येतं. कुठल्याही केंद्रापासून लांब असाल तर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी तुमच्या आसपास होत असणार, सांस्कृतिक कार्य संचालनालयाची, दोन अंकी नाटकं, अगदी स्वस्त तिकीट. तिथे बँकेत, शाळेत, एसटीत नोकरी करणारी माणसं संध्याकाळी तालमी करून नाटक उभं करतात, आणि बऱ्याचदा समोर तीस-चाळीस लोक असतात. तुम्ही गेलात तर एकतीस होतील.

पुण्यात वर्षभर बघायचं असेल तर शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच, हिराबागेत ज्योत्स्ना भोळे सभागृह, एरंडवण्यात द बॉक्स, यांची वेळापत्रकं बघत राहा. पुरुषोत्तममधून बाहेर पडलेली पोरं पुढे जे करतात ते इथेच सापडतं. विनोद दोशी नाट्य महोत्सवात बाहेरच्या राज्यांतली नाटकंही बघायला मिळतात, भाषा येत नसली तरी जा.

आणि मुंबईजवळ असाल तर चतुरंग प्रतिष्ठान या संस्थेची सवाई एकांकिका स्पर्धा. २५ जानेवारीची रात्र, वर्षभरात ठिकठिकाणी पहिल्या आलेल्याच एकांकिका, रात्रभर एकामागून एक. मी दोनदा गेलेय. दुपारी झोप काढून जा, शाल न्या कारण पहाटेकडे एसी झोंबतो, आणि पहाटे तीन-साडेतीनला जी एकांकिका लागते तिच्या वेळी डोळे मिटायला लागले तर बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून या. त्या वेळी स्टेजवर उभं राहणारी पोरं संध्याकाळपासून विंगेत जागी आहेत.